पावसाचो टायम लागलो! तिकीट काढल्यावर गाडीची वेळ बदलली तर आपला हक्क काय?

जूनचा तिसरा आठवडा. तिकिटावर छापलेल्या वेळेच्या चांगली अर्धा तास आधी मावशी स्टेशनवर पोचली. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात कोकमाच्या आगळाची बाटली, झाकणाला वरून प्लास्टिक आणि रबर. फलाटावर चिटपाखरू नाही. मुंबईला जाणाऱ्या गाडीला एवढी शांतता कशी, म्हणून ती बाहेर येऊन रिक्षावाल्याला विचारते, तर तो म्हणाला, "ती कधीच गेली गे मावशे. पावसाचो टायम लागलो मां!"

गाडीला उशीर झालेला नव्हता आणि ती रद्दही झाली नव्हती. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं होतं, आणि त्या नव्या वेळेवर गाडी अगदी वक्तशीर आली आणि गेली. तिकीट मुंबईतल्या एका दुकानातून काढलेलं. वेळ बदलल्याचा मेसेज आला असलाच, तर तो त्या दुकानदाराच्या फोनवर. मावशी रात्रीच्या एसटीने गेली. तिकिटाचे पैसे बुडाले ते बुडालेच.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी मला दर पावसाळ्यात विचारतं, "वेळ त्यांनी बदलली, मग पैसे आमचे का जावे?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर एका वाक्यात मावत नाही.

तिकीट काढतो म्हणजे नेमकं काय विकत घेतो?

भारतीय रेल्वे कायदा १९८९ चा. त्याच्या कलम ५० मध्ये तिकिटावर काय काय असलं पाहिजे ते सांगितलं आहे: तिकीट दिल्याची तारीख, डब्याचा वर्ग, कुठून कुठपर्यंत आणि भाडं किती. या यादीत गाडी सुटायची वेळ नाही.

खाडीवरच्या तरीसारखं, म्हणजे पैलतीरी नेणाऱ्या होडीसारखं समजा. तरवाल्याला पैसे देतो ते पलीकडे नेण्याचे. ओहोटीला पाणी कमी असलं की होडी उशिरा सुटते, आणि त्यावरून कुणी भांडत नाही. सौदा पैलतीराचा असतो, घड्याळाचा नसतो. रेल्वेचं तिकीटही बरंचसं असंच आहे. ई-तिकिटाची प्रिंट काढलीत तर बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ सापडेल: छापलेल्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलू शकतात, खात्री स्टेशनवर किंवा १३९ या रेल्वेच्या चौकशी नंबरवर करून घ्या.

मग वेळ छापता तरी कशाला, असं कुणीही विचारेल. छापतात कारण तिकीट काढलं त्या दिवशी ती खरी असते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं (३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ही मुदत १२० दिवस होती). दोन महिन्यांत वेळापत्रक बदललं, तर घरातला कागद आपोआप बदलत नाही. देशभराचं नवं वेळापत्रक अलीकडे १ जानेवारीला लागू होतं, त्यामुळे डिसेंबरात तिकीट काढून जानेवारीत जाणाऱ्यालाही हेच भोगावं लागू शकतं. पण कोकणात ते वर्षातून आणखी दोनदा बदलतं, पावसाळा लागताना आणि संपताना. म्हणून हे दुखणं इथलं जास्त.

पावसात गाडी उशिरा यावी, लवकर का सुटते?

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग डोंगर कापून काढलेला आहे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड कोसळून मुंबईकडे जाणारी सुट्टीची गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये महाड तालुक्यात मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला, कारण रुळावर आलेले दगड. तेव्हापासून पावसाळ्यात वेगावर लगाम आहे. धोक्याच्या पट्ट्यात ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास, आणि समोरचं नीट दिसेनासं झालं तर चाळीस. ही काळजी हवीच. पावसाळी वेळापत्रकाच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांत मी नाही.

वेग कमी झाला की प्रवास लांबतो. त्यात रोहा ते वीर सोडलं तर मार्ग बहुतेक एकेरी. समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात क्रॉसिंगसाठी थांबावंच लागतं. एकीची वेळ हलवली की पाठोपाठ दहा जणींची हलते.

आता गंमत बघा. मुंबई ते मडगाव वंदे भारत पावसाळा सोडून पहाटे ५:२५ ला मुंबईहून सुटते आणि दुपारी १:१० ला मडगावला पोचते. २०२५ च्या पावसाळ्यात ती ५:२५ लाच सुटत होती, पोचत होती साडेतीनला. परतीची गाडी एरवी मडगावहून दुपारी २:४० ला निघून रात्री १०:२५ ला मुंबईत. पावसाळ्यात मुंबईत पोचायची वेळ तीच ठेवली, १०:२५. म्हणून मडगावहून सुटायची वेळ १२:२० वर आली. तब्बल दोन तास वीस मिनिटं अलीकडे!

मुंबईत लोकलच्या गर्दीतून वाट काढून फलाट मिळवायचा तर ठरलेली वेळ सहजी सोडता येत नाही. म्हणून लांबलेल्या प्रवासाचा भार कोकणाच्या टोकाला येतो. मुंबईहून गावी येणारा चाकरमानी फार तर उशिरा पोचतो, चडफडतो, पण पोचतो. गावाहून मुंबईला जाणाऱ्याची मात्र गाडी चुकते. पावसाळी वेळापत्रकाची खरी झळ बसते ती गावात राहणाऱ्यालाच, आणि त्यातही जितकं दक्षिणेला तितकी जास्त. कणकवलीला वेळ जेवढी अलीकडे येते तेवढी खेडला येत नाही. सगळ्याच गाड्यांचं असं होत नाही, पण आपल्या गाडीचं होतं का ते बघून ठेवलेलं बरं.

वेळापत्रक बदललं, उशीर झाला, रद्द झाली

आपल्याला तिन्हींत त्रास सारखाच, पण रेल्वेच्या वहीत ही तीन वेगवेगळी पानं आहेत आणि आपलं प्रकरण कुठल्या पानावर जातं त्यावर पैसे ठरतात. परताव्याचे मूळ नियम २०१५ चे, त्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरपासून लागू झालेले.

सर्वांत सोपं पान रद्द गाडीचं. गाडी पूर्ण रद्द झाली तर पैसे पूर्ण परत. ई-तिकीट असेल तर काही करायचं नाही, रक्कम आपोआप खात्यात येते. उलट घाईघाईने स्वतः तिकीट रद्द करत बसू नका. रेल्वेने गाडी रद्द केल्याचं जाहीर होण्याआधी तुम्ही तिकीट रद्द केलंत, तर नेहमीची कपात लागते. खिडकीवरचं तिकीट असेल तर तीन दिवसांच्या आत खिडकीवर नेऊन द्यावं लागतं.

इथेच एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वंदे भारत एरवी आठवड्यातून सहा दिवस धावते, पावसाळ्यात तीन. तुमच्या वाराची गाडीच पावसाळ्यात नसेल, तर तुमच्यापुरती ती रद्द गाडी. म्हणजे पूर्ण परतावा. वेळ थोडी सरकली असं समजून गप्प बसू नका.

उशिराचं पान जरा किचकट आहे, ते पुढे सविस्तर बघू. सर्वांत दुबळं पान म्हणजे मावशीचं. नवं वेळापत्रक लागलं, गाडी नव्या वेळेवर धावली. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटत असेल तर पूर्ण पैसे, हा नियम इथे लावता येत नाही, कारण उशीर झालेलाच नाही. उशीर मोजतात तो चालू वेळापत्रकावरून, तुमच्या हातातल्या कागदावरून नाही. नवी वेळ सोयीची नाही म्हणून आधीच तिकीट सोडलंत, तर ते तुमच्या मर्जीने रद्द केलेलं तिकीट. २०१५ च्या नियमांत ४८ तासांहून आधी रद्द केलं तर स्लीपरला १२० आणि थर्ड एसीला १८० रुपये कापायची तरतूद केली गेली, एसीला जीएसटी वेगळा. जसजशी गाडीची वेळ जवळ येईल तसतशी कपात वाढते. हे आकडे रेल्वे बदलते, काही नव्या गाड्यांना वेगळेच लावते. त्यामुळे रद्द करण्याचं बटण दाबण्याआधी पडद्यावर किती कपात दिसते ती वाचा.

मला विचाराल तर हे बरोबर नाही. ग्राहकाने सौदा मोडला तर कपात समजू शकते. पण दुकानदारानेच मालाचं रूप बदललं आणि ग्राहक "मग नको" म्हणाला, तर त्याच्याकडूनच कपात? वेळ तासाभराहून जास्त अलीकडे आली तर ठरावीक मुदतीत फुकट रद्द करू देणं रेल्वेला जड जाऊ नये.

तीन तास कुठून मोजायचे?

नियम असा: तुम्ही जिथे चढणार त्या स्टेशनवरून गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा तीन तासांहून जास्त उशिरा सुटत असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर पूर्ण पैसे परत. तिकीट कन्फर्म असो, आरएसी असो की वेटिंग. गाडी "रिशेड्यूल" केली असं म्हणतात तेव्हा तो त्या दिवसापुरता उशीरच असतो, तिथेही हाच हिशेब.

इथे तीन ठिकाणी माणसं फसतात. एक, मोजायचं ते चढायच्या स्टेशनवरून. गाडी रत्नागिरीहून वेळेत निघाली आणि वाटेत रखडत ठाण्याला पाच तास उशिरा पोचली, तर परतावा नाही. दुसरं, अर्ज गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी करायचा. घरी जाऊन, जेवून, मग सावकाश करू म्हटलं की संपलं. खिडकीवरचं तिकीट असेल तर ते तेवढ्यात खिडकीवर द्यायचं. ई-तिकिटासाठी टीडीआर भरायचा. टीडीआर म्हणजे "मी प्रवास केलेला नाही, अमुक कारणाने पैसे परत द्या" असा आयआरसीटीसीच्या ॲपवर किंवा साइटवर करायचा अर्ज. कारण यादीतून निवडायचं असतं, आणि तेच चुकीचं निवडलं तर अर्ज तिथेच अडकतो.

तिसरी जागा सर्वांत निसरडी. ॲपवर गाडी तीन तास दहा मिनिटं उशिरा दिसते, तुम्ही टीडीआर भरून घरची वाट धरता, आणि गाडी वेळ भरून काढत दोन तास पन्नास मिनिटांवर येते. रेल्वे पडताळते ती प्रत्यक्ष सुटलेली वेळ. गाडी गेली, पैसेही गेले! उशीर चार-पाच तासांचा असेल तर निर्धास्त अर्ज करा. तीनच्या काठावर असेल तर गाडी मागच्या कुठल्या स्टेशनात आहे ते बघून ठरवा. ॲपवरच्या उशिराचा स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा. टीडीआरचे पैसे यायला आठवडे लागतात, कधी महिने, आणि तोवर कुणालाच काही आठवत नसतं.

गाडी पुण्यावरून वळवली तर?

जुलै २०२४ मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि आठवड्याभरात खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली. अशा वेळी मुंबईहून निघालेल्या काही गाड्या पनवेलवरून पुणे, मिरज, लोंढा करत मडगावला नेतात. मडगावच्या प्रवाशाचा नुसता वेळ जातो. रत्नागिरीच्या प्रवाशाची गाडी मात्र रत्नागिरीचं तोंडही बघत नाही.

वळवलेल्या गाडीने तुम्हाला जायचं नसेल, किंवा ती तुमच्या चढायच्या वा उतरायच्या स्टेशनला शिवणारच नसेल, तर पूर्ण परतावा मिळतो. टीडीआर भरायला गाडीच्या मूळ वेळेपासून ७२ तास असतात. गाडी मधेच थांबवून सगळ्यांना उतरवलं आणि रेल्वेला पुढे न्यायची सोय करता आली नाही, तर पूर्ण प्रवासाचे पैसे परत मिळतात. रेल्वेने पुढे न्यायची सोय केली आणि तुम्ही ती नाकारून खासगी गाडीने गेलात, तर फक्त न झालेल्या प्रवासाचे पैसे मिळतात, झालेल्याचे नाहीत. त्या खासगी गाडीचं भाडं या अर्जात मागता येत नाही.

तात्काळ असेल तर सगळंच बुडालं ना?

नाही. कन्फर्म तात्काळ तुम्ही स्वतः रद्द केलं तर काही मिळत नाही, हे खरं. पण गाडी रद्द झाली, तीन तासांहून जास्त उशिरा सुटली किंवा वळवली, तर तात्काळलाही वरचेच नियम. जादा पैसे टाकून तात्काळ काढणारेच बिचारे "त्याला परतावा नसतो" म्हणून अर्ज करत नाहीत.

नागपूर, सोलापूरकडून येऊन पुढे कोकणची गाडी पकडणाऱ्यांसाठी आणखी एक सोय २०१९ पासून आहे. दोन्ही तिकिटांचे पीएनआर आयआरसीटीसीवर आधीच जोडून ठेवायचे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर दुसरीचे पैसे कपातीशिवाय परत मिळतात. पण पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांत टीडीआर भरावा लागतो. पीएनआर जोडलेच नसतील, तर रेल्वेच्या लेखी ते दोन अनोळखी प्रवासी.

"मला कुणी सांगितलंच नाही"

मावशीच्या प्रकरणाचा खरा गाभा हा आहे. रेल्वे बदलाचा मेसेज पाठवते तो तिकीट काढताना दिलेल्या नंबरवर. कोकणात तिकीट काढतो डोंबिवलीतला मुलगा, नाहीतर नाक्यावरचा एजंट, आणि गाडीत बसतं गावातलं तिसरंच कुणी. मेसेज जातो, पण बसणाऱ्याला मिळत नाही. म्हणून एजंटला सांगा, नंबर माझा घाल. तो कुरकुर करेल, करू दे.

पण सगळा भार प्रवाशावरच का? रेल्वे कायद्याचं कलम ४९ याबाबतीत स्पष्ट आहे. स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा दर्शनी जागी लावणं रेल्वेवर बंधनकारक आहे, हिंदीत, इंग्रजीत आणि तिथल्या प्रादेशिक भाषेत. म्हणजे आपल्याकडे मराठीत. जूनअखेरीस स्टेशनवर उन्हाळ्याचाच फलक दिसला, तर त्याचा तारखेसकट फोटो काढा आणि रेलमदद ॲपवर किंवा १३९ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. हा कागद पुढे कामाला येतो.

आणि वेळापत्रकात काहीच बदल नसताना गाडी लवकर सुटली, तर ती सरळ रेल्वेची चूक. जुलै २०२३ मध्ये वळणाच्या मार्गाने आलेली गोवा एक्सप्रेस मनमाडहून ठरलेल्या वेळेच्या दीड तास आधी सुटली आणि पंचेचाळीसेक प्रवासी फलाटावर राहिले. रेल्वेने गीतांजली एक्सप्रेस मनमाडला थांबवून त्यांना पुढे पाठवलं आणि गोवा एक्सप्रेस जळगावला रोखून धरली. असं झालं तर घरी जाऊ नका. थेट स्टेशन मास्तरांच्या खोलीत जा आणि जे काही सांगायचं ते लेखी द्या.

परतावा वेगळा, भरपाई वेगळी

लग्नाच्या जेवणाचे पैसे आचाऱ्याला आगाऊ दिले आणि तो आलाच नाही. दिलेले पैसे परत मिळाले तर तो परतावा. ऐनवेळी बाहेरून दुप्पट पैशांत जेवण मागवावं लागलं, त्याचा खर्च मागितला तर ती भरपाई. आत्तापर्यंत बोललो ते सगळं परताव्याचं. भरपाईचा रस्ता निराळा.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०२१ चा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. अजमेर-जम्मू एक्सप्रेस २०१६ मध्ये चार तासांच्या आसपास उशिरा जम्मूला पोचली. संजय शुक्ला आणि त्यांच्या घरच्यांचं श्रीनगरचं विमान चुकलं, त्यांना टॅक्सी करावी लागली. रेल्वेने आपल्या दरपुस्तकातला, उशिराची जबाबदारी रेल्वेवर नाही असा नियम पुढे केला. न्यायालयाने तो मानला नाही. उशीर टाळण्यासारखा नव्हता, कारण हाताबाहेरचं होतं, हे रेल्वेने सिद्ध करायचं, नाहीतर भरपाई द्यायची. टॅक्सीचे १५ हजार, बुकिंगच्या खर्चाचे १० हजार, शिवाय मनस्ताप आणि खटल्याचा खर्च, असं सगळं कायम राहिलं.

चिपी किंवा मोपाचं विमान चुकलं म्हणून लगेच हुरळू नका. दरड कोसळली, बोगद्यात पाणी आलं, ही कारणं हाताबाहेरची ठरवणं रेल्वेला कोकणात फारसं अवघड नाही. पण नवं वेळापत्रक काही आभाळातून कोसळत नाही. ते महिनाभर आधी टेबलावर बसून ठरतं. ते कळवलं नाही, फलक बदलला नाही, मेसेज गेला नाही, तर पाऊस हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

एवढ्यासाठी कोर्टकचेरी कोण करणार?

निव्वळ भाड्याच्या परताव्याचा वाद असेल तर तो रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातो. सेवेत कसूर झाली, म्हणून नुकसान झालं, असं म्हणणं असेल तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठं काम केलं आहे: तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते. सिंधुदुर्गातल्या माणसाने मुंबईला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. चारशे रुपयांच्या स्लीपर तिकिटासाठी मीही जाणार नाही. पण गाडी चुकल्यामुळे परीक्षा बुडाली, ऑपरेशनची तारीख गेली, तर कागद जमवून जरूर जा.

मावशीकडे असा एकही कागद नव्हता. फलकाचा फोटो नाही, तक्रारीचा क्रमांक नाही, आणि नंबर दुकानदाराचा. आता तिकीट कुणीही काढलं तरी नंबर तिचा असतो. आदल्या संध्याकाळी ती १३९ लावते, फोन स्पीकरवर टाकून पीएनआरचे आकडे मोठ्याने दाबते, आणि सांगितलेली वेळ तिकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवते. गेल्या जूनमध्ये छापलेली वेळ आणि तिची पेन्सिल यांत एक तास चाळीस मिनिटांचा फरक होता.